नव्वद दिवसांची जाळी

६ फेब्रुवारी

पुन्हा वाढलंय! दोन्ही बाजूंना. डॉक्टर फोंतानेसीबाईंनी नाकात दुर्बीण घातली आणि पडद्यावर दाखवलं. फिकट, ओलसर मांसाचे घड. साल काढलेल्या द्राक्षांसारखे. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढले होते, तेच.

"पाहुणे परत आले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी हसलो नाही.

वास येतो का, विचारलं. म्हटलं, थोडा थोडा. त्यांनी मला डोळे मिटायला लावून नाकाखाली एक बाटली धरली. "काय आहे?" मी खूप विचार केला. कॉफी, म्हटलं.

बाटली रिकामी होती.

आता पुन्हा कापाकापी नको म्हणाल्या. नवीन उपाय आहे. बारीक स्प्रिंगसारखी जाळी, औषध भरलेली. नाकातून आत सायनसच्या पोकळीत सोडायची, ती तिथे फुलासारखी उघडते, भिंतींना टेकून बसते आणि नव्वद दिवस औषध झिरपवत राहते. मांस सुकत जातं. मग चिमट्याने काढायची. औषधाचं नाव मोमेटासोन. कागदावर बघून लिहिलं, दोनदा तपासलं. बरोबर आहे.

वास परत येईल का? "बहुतेक." मला 'बहुतेक' नको आहे. सहा मेला मामा कारखान्यातली वास घ्यायची सुई माझ्या हाती देणार आहे.

७ फेब्रुवारी

रात्रभर हिशेब केला. दहा तारखेला जाळी बसली तर सहा मेपर्यंत पंच्याऐंशी दिवस. पुरतील?

कारखान्यात कोणालाही कळता कामा नये. मी आंधळा असतो तर मला दुसरं काम दिलं असतं, वर दयाही दाखवली असती. पण हॅमच्या कारखान्यात वास घ्यायला ठेवलेला माणूस आणि नाक मेलेलं! आधी पोट धरून हसतील, मग काढतील.

८ फेब्रुवारी

मामाने आज सगळ्यांदेखत: "काय रे देविस, ते नाक आहे की दाराची कडी? सारखं काय चोळतोस?" सगळे हसले. मीही हसलो.

अडेल्मोमामा, आईचा मोठा भाऊ. चाळीस वर्षं आमच्या कारखान्याचं नाक. डुकराची मांडी मीठ लावून, धुऊन, चरबी फासून चौदा-पंधरा महिने टांगलेली असते. आत हाडाजवळ सडली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून घोड्याच्या हाडाची सुई. पाच ठरलेल्या जागी टोचायची, काढायची, हुंगायची. हाड सच्छिद्र, वास लगेच पितं आणि लगेच सोडतं. पाचही टोचे गोड आले तर मांडी पास. एकही वाईट आला तर लाल दोरी.

आमच्याकडची रीत अशी: मोठा आधी हुंगतो, पण बोलत नाही. मग सुई धाकट्याच्या नाकाखाली धरतो. निकाल धाकट्याने आधी सांगायचा, म्हणजे मोठ्याचं ऐकून तो पोपटपंची करणार नाही. मग मोठा 'हो' म्हणणार किंवा कानफटात मारणार. आमच्या मालकीण ओर्नेलाबाईंच्या आजोबांनी ही रीत घातली. बाई अजूनही अभिमानाने सांगतात.

मला चौदा महिन्यांत एकदाही कानफटात बसलेली नाही. कारण मामाची मिशी. सुई वाईट निघाली की त्याच्या मिशीचं डावं टोक जरा थरथरतं. दिसेल न दिसेल इतकंच. मी सुईकडे बघतच नाही, मिशीकडे बघतो. थरथरली की म्हणतो, वाईट. मामा म्हणतो, "वाईट!" आणि माझ्या पाठीवर थाप.

"माझ्या बहिणीच्या पोराचं नाक म्हणजे देवाची देणगी," असं तो पत्ते खेळताना सांगतो म्हणे.

१० फेब्रुवारी

झालं. बसवल्या. दोन्ही बाजूंना एकेक.

बधिर करायच्या औषधात भिजवलेला कापूस आधी अर्धा तास नाकात. मग बारीक नळी. दुखलं नाही, पण आत कुरकुर आवाज झाला, कोणी डोक्यात कोरडा पाव मोडतंय असा. नंतर मला घेरी आली, आतल्या खाटेवर तासभर झोपवलं. नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. मिठाच्या पाण्याने रोज दोनदा धुवायचं.

पार्माच्या दवाखान्यापर्यंत इवानोकाका घेऊन गेले आणि घेऊन आले. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, कारखान्यात मीठ लावणारे मुख्य तेच. एकतीस वर्षं. कोणत्या मांडीला किती मीठ हे तळहाताने ओळखतात. मी त्यांना सांगितलं होतं, घोरण्याचा इलाज आहे.

"घोरणं बरं असतं रे," ते म्हणाले. "आमची दिर्चे म्हणते, तुम्ही घोरता म्हणून कळतं की जिवंत आहात."

गाडीत परतताना माझ्या मांडीवर स्वतःचा कोट टाकला.

११ फेब्रुवारी

वास नाही.

१२ फेब्रुवारी

नाही. आईने रविवारचं आनोलिनीचं, सारण भरलेल्या पास्त्याचं सूप केलं. मला लागलं गरम पाण्यात भिजवलेलं पुठ्ठ्याचं खोकं. "कसं झालंय?" "मस्त."

१५ फेब्रुवारी

मामाने मला आज चरबीच्या खोलीत पाठवलं! तिथे डुकराची चरबी, तांदळाचं पीठ आणि कुटलेली मिरी मळून मांडीच्या उघड्या भागाला फासतात. खोलीत मिरीचा धूर असतो नुसता. म्हटलं, मामा, आज नको. "का? राजकुमारांना शिंका येतात? सुई हवी ना? मग आधी हात घाण करा."

तोंड उघडं ठेवून अकरा शिंका दिल्या. बारावी आवरता आली नाही.

घरी येऊन रुमाल बघितला. रक्ताच्या गाठीत काहीतरी चमकत होतं. डाव्या बाजूची जाळी. मी ती धुतली, काडेपेटीत ठेवली. किती लहान आहे! खारकेच्या बीएवढी. तिच्यावर माझं सगळं अवलंबून होतं.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना फोन. "होतं असं कधीकधी. उजवी शाबूत आहे ना? एका नाकपुडीनेही जग हुंगता येतं." परत बसवायला एप्रिलशिवाय वेळ नाही.

एक नाकपुडी. एकोणऐंशी दिवस.

२४ फेब्रुवारी

इवानोकाकांनी पंधरा महिन्यांपूर्वी मीठ लावलेल्या साठ मांड्या आज आम्ही तपासायला घेतल्या. दुसऱ्या खिडकीजवळच्या. सकाळपासून मिशी थांबेना! थरथर, थरथर. वाईट. वाईट. पुन्हा वाईट. मामा प्रत्येक वेळी "वाईट!" म्हणून लाल दोरी बांधतो. दुपारपर्यंत तेवीस.

साठात तेवीस! असं कारखान्यात कधी झालेलं नाही. बाई वरून धावत आल्या. "अडेल्मो, खात्री आहे?"

"पोराने सांगितलं आधी. मी फक्त हो म्हटलं," मामा म्हणाला.

रीतच आहे ती. पण मला बरं वाटलं नाही.

२८ फेब्रुवारी

सगळे म्हणतात मीठ कमी पडलं. हाडाजवळ मीठ पोचलं नाही की सडतं, दुसरं कारण नाही. म्हणजे हात इवानोकाकांचा.

३ मार्च

इवानोकाकांना काढलं.

बाईंच्या ऑफिसात आम्हाला बोलावलं होतं, मला आणि मामाला. टेबलावर निकालाचा कागद, खाली माझी सही. आधी माझी, मग मामाची. बाई रडवेल्या झाल्या होत्या, पण बोलल्या कडक. "इवानो, जानेवारीतही नऊ वाईट निघाल्या. मला मांड्यांवर शिक्का मारणाऱ्या तपासनिसांना तोंड दाखवायचंय. तुला काही म्हणायचंय?"

काकांनी टोपी हातात धरली होती. कागदाकडे बघितलंच नाही. मामाकडे बघितलं.

"अडेल्मो, तुला वाईट लागल्या?"

"लागल्या," मामा म्हणाला.

"मग असतील," काका म्हणाले. "तू म्हणतोस तर असतील."

इतकंच. जाताना मीठघरात गेले, ॲप्रन धुऊन वाळत घातला. बाहेरच्या पोरांपैकी कोणीतरी ओरडलं, "काका, आता घरी जाऊन सुपात तरी मीठ नीट घाला!" मामा सगळ्यात मोठ्याने हसला.

७ मार्च

जिन्यात दिर्चेकाकू. हातात कपड्यांची टोपली. "देविस, खरं सांग बाळा. तू स्वतः हुंगलीस ना? खरंच इतकी घाण होती?"

"हो, काकू."

"कशी होती?"

मी म्हटलं, गटारासारखी.

त्यांनी मान हलवली. "रात्री झोपेत हात चोळत असतात," म्हणाल्या.

मला वाईट वाटतंय. पण माझा काय दोष? मामाचं नाक खोटं बोलत नाही. मी फक्त मामाचं वाचतो.

९ मार्च

वास!!

सकाळी उठलो तर उशी. उशीला वास येत होता! आंबट, तेलकट, माझ्याच डोक्याचा. मी अर्धा तास उशीत तोंड खुपसून पडलो. मग साबण. मग कॉफीचा डबा. आईचा स्वयंपाकघरातला जुना टॉवेल. कपाटातला बापाचा कोट — तो गेला त्याला सात वर्षं झाली, त्याच्या कोटाला अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

फक्त उजव्या नाकपुडीने. पण पुरे.

१० मार्च

विचित्र दिवस. दुसऱ्या खिडकीजवळ सुरुवात केली. पहिलीच मांडी — मामाने टोचली, हुंगली, मिशी थरथरली. सुई माझ्या नाकाखाली आली.

गोड. सुकामेवा, लोणी, थोडंसं गवत. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला आमच्या मांडीचा वास आला, आणि तो गोड होता.

मी गोंधळलो. सवयीने म्हटलं, वाईट. "वाईट!" मामा म्हणाला आणि दोरी बांधली.

माझ्या नाकात अजून बिघाड असेल?

१३ मार्च

नाक बरोबर आहे. घरी दहा डब्यांवर कापड बांधून आईकडून चाचणी करून घेतली. दहापैकी दहा. आई म्हणाली, वेड लागलंय का.

१४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत गेलो. लाल दोरीच्या मांड्या तिथेच टांगलेल्या आहेत, न्यायला गाडी आलेली नाही. काकांच्या तेवीसही. मामाची सुई नव्हती, जुनी तुटकी होती, तीच घेतली. एकेक टोचली. पाचही जागी.

बावीस गोड. एकच वाईट, शेवटून तिसरी. तिच्या सुईला घाण येत होती, उंदीर मेलेल्या नळीसारखी.

बावीस!

परत येताना दुसऱ्या खिडकीशी थांबलो. खोऱ्यातला वारा सरळ आत येतो तिथे. माझ्या कपाळावरचे केस हलत होते.

वारा. मिशी वाऱ्याने हलते.



१५ मार्च

मग मामाला वास येतो की नाही? येत असेल तर चांगल्या मांडीला तो "वाईट!" का म्हणाला?

कारण मी म्हटलं म्हणून.

१७ मार्च

आज तपासलं. ती एक खरी वाईट मांडी सकाळीच लाल दोरी सोडून रांगेत आणून टांगली होती, भिंतीच्या बाजूला, जिथे वारा नाही. मामाने टोचली. हुंगली. चेहरा शांत. सुई माझ्याकडे. दुर्गंधीने डोळ्यांत पाणी आलं, पण मी भुवईसुद्धा हलवली नाही.

"सुरेख," मी म्हटलं.

"सुरेख!" मामा म्हणाला आणि मांडीला थोपटलं. मुलीच्या गालाला थोपटावं तसं.

जेवणाच्या सुट्टीत ती काढून परत मागे टांगली.

२१ मार्च

हे लिहायला लाज वाटायला हवी. वाटत नाही. दोन दिवस मी मामाला नाचवतो आहे. नुसतं कपाळाला आठी घालायची — त्याचा चेहरा लगेच आंबट. मग आठी सोडून म्हणायचं, "अं... नाही, चांगलीच आहे," की तो घाईने, "चांगलीच आहे, मी तेच म्हणणार होतो!" एकदा मी तीनदा बदललं. तोही तीनदा बदलला. कपाळावर घाम आला होता त्याच्या. दाराची कडी म्हणाला होता ना मला?

मजा आली. खरंच आली.

४ एप्रिल

मामाला कळलं. किंवा त्याला सोसवेना. संध्याकाळी मला गाडीत बसवलं, नदीजवळ थांबवली, काच खाली केली.

"माझ्याशी खेळतोस काय रे, हरामखोरा?"

"कधीपासून?" मी विचारलं.

तो नदीकडे बघून म्हणाला, "त्या तापानंतर. सगळ्यांना झाला होता तो. सगळ्यांचं नाक परत आलं. माझं नाही. तीन वर्षं."

"मग निकाल कसे देत होतास?"

"आधीचा पोरगा होता, तो हुंगायचा. मग तू आलास." माझ्याकडे वळला. "म्हटलं, देवाने धाडलं. तुझं नाक आहे म्हणून मी टिकलो, देविस. तू म्हणशील ते."

तेव्हा मी त्याला माझं सांगितलं. मांस, जाळी, मिशी. सगळं.

तो आधी बघत राहिला. मग हसायला लागला. खोकला येईपर्यंत, स्टिअरिंगवर डोकं टेकवून. "मिशी! अरे देवा, मिशी!" मीही हसलो. दोघेही हसत होतो, डोळे पुसत होतो. आम्ही चौदा महिने वारा हुंगत होतो!

मग मी म्हटलं, "इवानोकाका."

हसू थांबलं. त्याने काच वर केली.

"त्याला परत घेणार नाहीत," मामा म्हणाला. "नवा माणूस लावलाय. सांगितलंस तर तो परत येणार नाही, उलट मी जाईन, तू जाशील, तुझ्या आईचं घर जाईल. सहा मेपर्यंत गप्प बस. सुई तुझ्या हातात आली की मग तू कारखान्याचं नाक. मग तुझा शब्द मोठा. मग काय सांगायचं ते सांग."

यात तथ्य आहे. मी दोनदा उलटसुलट विचार केला. सहा मेनंतर सांगितलं तर ते जास्त उपयोगाचं.

५ एप्रिल

तथ्य आहे.

२० एप्रिल

इवानोकाकांना आज बघितलं. पार्माच्या रस्त्यावर गाड्या धुण्याचं दुकान आहे, तिथे. रबरी बूट, हातात पाइप. चार कारखान्यांत गेले होते म्हणे. सगळीकडे एकच प्रश्न, तेवीस कशा गेल्या. या खोऱ्यात तेवीसचा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे.

मी सायकल थांबवली. त्यांनी पाइप बंद केला.

"मोठा दिवस जवळ आला की रे," म्हणाले. "थंडी लावून घेऊ नकोस. नाक सांभाळ."

"काका..."

"बोल."

"काही नाही. आईने विचारलंय."

"सांग, बरा आहे. हात स्वच्छ राहतात या कामात." हसले. हात दाखवले. पाण्याने पांढरे, सुरकुतलेले.

त्यांच्या अंगाला शाम्पूचा वास येत होता, कृत्रिम लिंबाचा. मला आता सगळे वास येतात.

२ मे

मामाने बेत सांगितला. सहा तारखेची रीत वेगळी: दहा मांड्या, जुना आणि नवा दोघे वेगवेगळे हुंगतात, आपापल्या कागदावर लिहितात, बाई कागद शेजारी ठेवतात. जुळले तर सुई हातात. नाही जुळले तर जुन्याचं खरं आणि नवा घरी. म्हणजे मामाने अंदाजाने लिहिलं तर माझं खरं नाक खोटं ठरणार!

म्हणून: आधी मी जायचं. वाईट असेल ती मांडी मी टोचल्यावर सोडताना खूर भिंतीकडे वळवायचा. चांगल्यांचा खिडकीकडे. मामाचे डोळे अजून उत्तम आहेत.

६ मे

दहापैकी दहा.

बाईंनी दोन्ही कागद उंच धरून सगळ्यांना दाखवले. टाळ्या. तळलेल्या पुऱ्यांचे ढीग, लाम्ब्रुस्को वाइन, मांडीच्या पातळ चकत्या. शिक्का मारणारे साहेब म्हणाले, "चाळीस वर्षांत असं जुळलेलं बघितलं नाही. रक्तातच आहे." मामाने सुई माझ्या हातात दिली, दोन्ही गालांवर पापी घेतली आणि रडला. खरे अश्रू होते, खारट वास येतो त्यांना.

कानात म्हणाला, "आता आपली फिटंफाट झाली."

नव्या मीठवाल्याने पेला उंच केला: "देविसच्या नाकाला!"

सुई हलकी आहे. मला वाटलं होतं जड असेल.

८ मे

उद्या बाईंशी बोलेन.

९ मे

बाई मिलानला गेल्या आहेत.

१२ मे

जाळी काढली. डॉक्टरबाईंनी चिमट्याने ओढली, क्षणभर डोळ्यांपुढे अंधार, मग स्टीलच्या वाटीत टिंग! काळपट, वाकलेली, औषध संपलेली. पडद्यावर दाखवलं: उजवी पोकळी गुळगुळीत, गुलाबी. डावीकडे घड तसेच.

"डावीकडे नवी बसवू या पुढच्या महिन्यात. वास टिकेल ना, याची काळजी आहे?"

मी हो म्हटलं. बाटली धरली त्यांनी. मी लगेच सांगितलं, लॅव्हेंडर. आज भरलेली होती.

१६ मे

बाई परत आल्या. ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. आत नवा मीठवाला बसला होता, हसत होते दोघे. त्याचं काम चांगलं आहे. मी हुंगतो ना, मला माहीत आहे. त्याला दोन लहान मुली आहेत. त्याने कोणाचं काय बिघडवलंय?

आणि मी काय सांगणार? की ती सही मी वास न घेता केली? मग आजच्या सहीवर कोण विश्वास ठेवेल? तेवीस मांड्याही आता राहिल्या नाहीत, गाडी घेऊन गेली. पुरावा कसला देणार.

इवानोकाका गाड्या धुण्यात सुखी आहेत असं आई म्हणते. ऐकलंय तिने.

१७ मे

शेहेचाळीस मांड्या. चव्वेचाळीस पास.

२१ मे

दिर्चेकाकू जिन्यात. अभिनंदन म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं बाळा, तुझं नाक आलं."

मी जिना चढायला वळलो.

"काकांना ठाऊक होतं रे. त्या दिवशी दवाखान्यात तू आत झोपला होतास, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी गॅस आहे का, याला वास अजिबात येत नाही, लक्ष ठेवा. मला सोडून कोणाला सांगितलं नाही त्यांनी. मी म्हटलं, मग ओर्नेलाबाईंना सांगा ना, पोराने हुंगलंच नाही! तर मला म्हणाले, त्याला येत नसेल गं, पण अडेल्मोला येतो. अडेल्मो कशाला खोटं बोलेल? माझाच हात गेला."

टोपली दुसऱ्या हातात घेतली त्यांनी.

"आता ताटात मीठसुद्धा स्वतः घेत नाहीत. मला म्हणतात, तू घाल."